सोमीची लाल चिठ्ठी

"हिला बसता येत नाय गो. पायांत एकच हाड दिसतंय."

हे माझ्याबद्दल होतं. बोलणारी म्हातारी माझ्यापासून चार हातांवर उकिडवी बसली होती, आणि आवाज कमी करायची गरज तिला वाटली नव्हती. मी तिसऱ्यांदा तसंच बसायचा प्रयत्न करून नुकतीच एका हातावर कलंडले होते. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी हातातले फॉर्म सावरले आणि ऐकलंच नाही असं दाखवलं. ते मला लहानपणापासून चांगलं जमतं.

खरं तर आम्ही तिथे गुडघ्यांसाठीच गेलो होतो.

शतक संपायला दोनेक वर्षं उरली होती. माझा फिजिओथेरपीचा अभ्यासक्रम संपून इंटर्नशिप चालू होती, आणि आमच्या मॅडमच्या एका अभ्यासात मदतनीस म्हणून पाच दिवसांसाठी मी शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत गेले होते. गरोदर बाईनं पडून राहावं हा जुना सल्ला तेव्हा मागे पडू लागला होता. बेताचं चालणं आणि मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आईला चांगला, गुडघे आणि कंबरही त्यानं कमी दुखतात, असं नवे अभ्यास सांगू लागले होते. पण ते सगळे शहरांतल्या बायकांचे. मॅडमना ते वाडीवर तपासायचं होतं.

वाडीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. शहापूरहून किन्हवलीच्या रस्त्यानं जाताना डावीकडे एक फाटा लागतो. तिथून ओढ्यापर्यंत जीप जाते आणि पुढे दहा मिनिटांचा चढ. पंचवीस-तीस कुडाची घरं, सगळी ठाकर आदिवासींची. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. खाचरांत भाताची कापणी अर्धी उरकली होती आणि वाऱ्याला पेंढ्याचा वास होता. बायका जमल्या त्या उंबराखाली, कारण सावली तिथेच होती. उंबराच्या बुंध्याशी शेंदूर लावलेला एक दगड होता. ती गावदेवी.

दहा गरोदर बायका होत्या आणि त्यांच्या सासवा, जावा, शेजारणी मिळून आणखी वीसजणी. पाचजणींनी व्यायाम करायचा, पाचजणींनी नेहमीसारखं राहायचं, असं ठरलं होतं. कुणी काय करायचं ते आम्ही निवडायचं नाही, कारण आपण निवडलं की नकळत धडधाकट बायकाच व्यायामाला घेतल्या जातात. म्हणून चिठ्ठ्या. आदल्या संध्याकाळी मुक्कामी पोचल्यावर मी कागद कापून पाच चिठ्ठ्यांवर लाल आणि पाचांवर हिरवा ठिपका काढला होता. लाल म्हणजे व्यायाम. एकदा निघालेली चिठ्ठी बदलायची नाही, नाहीतर अभ्यासाला अर्थ नाही, हे मॅडमनी मला गाडीत दोनदा सांगितलं होतं.

मी स्टीलचा डबा पुढे केला. माझ्या पायांतलं हाड मोजणारी म्हातारी उठली, तिनं डबा माझ्या हातातून घेतला, दगडाला टेकवला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली आणि परत दिला.

"आता काढा गो," ती म्हणाली.

सगळ्या हसल्या. मॅडमनी तिचा फोटो काढला. मलाही बरं वाटलं, कारण त्यानंतर बायका भराभर पुढे आल्या. म्हातारीचं नाव ठमी, आणि पहिली चिठ्ठी काढली ती तिच्या सुनेनं, सोमीनं. लाल.

मग माझं काम होतं सूचना वाचायचं. डोकं दुखू लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, हाताला किंवा तोंडाला सूज आली, पोटात वरच्या बाजूला कळ आली, तर व्यायाम लगेच बंद करायचा आणि अंगणवाडीच्या ताईंना सांगायचं. सहा ओळी होत्या. मी वाचायला लागले आणि त्याच वेळी ठमीआजी मॅडमनी दाखवलेला गुडघ्याचा व्यायाम करू लागली. बाजूच्या एका धोंड्यावर बसून तिनं पाय समोर सरळ केला आणि ओरडली, "ह्यो बघा, बैल लाथ मारतो तसा!" हशा पिकला. मी वाचतच राहिले. माझा आवाज मलाच धड ऐकू येत नव्हता. सहावी ओळ संपली तेव्हा कुणी माझ्याकडे बघतही नव्हतं.

परत वाचायला हवं होतं. त्यासाठी मोठ्यानं "ऐका" म्हणावं लागलं असतं. मी कागदाची घडी घातली आणि फॉर्मवर 'सूचना दिल्या' समोर बरोबरची खूण केली.

सापगाव

आमचा मुक्काम सापगावला सुमनताईंकडे होता. त्या वाडीच्या अंगणवाडीच्या सेविका. रोज सकाळी सापगावहून निघून वाडी गाठायच्या आणि संध्याकाळी परत. वय पन्नाशीचं, चाल माझ्या दुप्पट. त्यांनी नव्या तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या, वालाचं बिरडं, आणि तव्यावर परतलेला जवळा. आमच्या मुलुंडच्या घरात सुकी मासळी शिजत नाही, कारण मजल्यावर वास जातो. मी आधी घाबरत एक चिमूट घेतली आणि मग तिसरी भाकरी मागून घेतली. मागताना आवाज निघेना, म्हणून ताट जरा पुढे सरकवलं. सुमनताईंना कळलं.

माझी आतेबहीण तेव्हा सातव्या महिन्यात होती. तिची सासू तिला पाण्याचा तांब्याही उचलू देत नव्हती, पायाखाली दोन उश्या आणि टीव्हीचा रिमोट हातात. हे मी सुमनताईंना सांगितलं. त्या पहिल्यांदा मनापासून हसल्या.

"आमच्या सोमीला सांगा हे. ती सातव्यातच आहे. आज सकाळी विहिरीवरनं चार खेपा केल्यान आणि मग चिठ्ठी काढाया आली."

मग भांडी आवरता आवरता म्हणाल्या, "त्या चिठ्ठ्यांना तुमी नुसता कागद समजू नका हां. आजीनं डबा देवीला लावला ना."

मी हो म्हटलं. मला वाटलं, त्या म्हणताहेत की चिठ्ठ्या हरवायच्या नाहीत.

दुसरा दिवस, वाडी

लाल चिठ्ठीवाल्यांना व्यायाम शिकवायचे होते. मॅडम हिरव्या गटाचे फॉर्म भरत होत्या, त्यामुळे पाचही जणी माझ्या वाट्याला आल्या. ओट्यावर बसून गुडघा सरळ करायचा, मांडीचा स्नायू आवळून पाच अंक मोजायचे, सोडायचा. मग रोज अर्धा तास चालायचं. हे माझं बोलणं बहुतेक हातवाऱ्यांनीच झालं. सोमीला माझी अडचण लगेच समजली. ती माझ्या प्रत्येक हातवाऱ्याचं मोठ्यानं भाषांतर करू लागली. तिचे हात बारीक होते आणि हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत मागेपुढे खुळखुळत होत्या.

"अर्धा तास चालायचं? कुठं जायाला?" तिनं विचारलं.

"कुठे नाही. नुसतं."

"नुसतं कोन चालतं?" ती बाकीच्यांकडे वळली. "ताई म्हनतात, मोकळ्या हातांनी जायाचं आनि मोकळ्या हातांनी यायाचं."

"लोक म्हनतील, हिला घरात काम नाय," एक जण म्हणाली.

"नायतर नवऱ्यासंग भांडून निघाली!"

पुन्हा हशा. सोमी मात्र मधूनच गंभीर झाली. तिनं चोळीतून एक बारीक घडी काढून मला दाखवली. लाल ठिपक्याची चिठ्ठी. काल मी त्या परत गोळा करायच्या होत्या, ही कशी राहिली कुणास ठाऊक.

"पयलं माझं सातव्यातच गेलं," ती म्हणाली. "पोटातच. तवा आमी देवीला काय इचारलंच नवतं. आता देवीनं सांगितलंय तर मी एक दिवस चुकायची नाय. बघा तुमी."

ती चिठ्ठी देवीची नाही, असं तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तिचा चेहरा इतका निश्चिंत होता की मी नुसती मान हलवली. शिवाय मला भीती वाटली, की तसं सांगितलं तर ती व्यायामच करणार नाही आणि मॅडमचा एक आकडा कमी होईल. हे लिहायला बरं वाटत नाही.

मुरबाडच्या बाजूला

तिसरा दिवस मुरबाड तालुक्यातल्या एका वाडीवर गेला. सरळगावच्या अलीकडे जीप पंक्चर झाली. चाक बदलेपर्यंत आम्ही एका घरासमोर उभे होतो, तर तिथल्या काकूंनी आतून खुर्ची आणून दिली, मग शेजारून दुसरी. दोन दिवसांनी खुर्ची दिसल्यावर मला जो आनंद झाला तो मी लपवला. समोर माळशेजकडचे डोंगर निळे दिसत होते. काकूंनी चहा दिला आणि मॅडम डॉक्टर आहेत हे कळल्यावर स्वतःचा उजवा गुडघा पुढे केला. मग त्यांच्या जावेनं डावा. पाहता पाहता आठ गुडघे जमले. प्रत्येक गुडघ्यावर निरगुडीचा पाला बांधून झाला होता आणि प्रत्येकीला गोळी हवी होती. व्यायाम सांगितला की त्या जरा निराश व्हायच्या.

"म्हंजे दुखतंय तोच पाय आजून हलवायचा?" काकू म्हणाल्या. "आनि ह्याला कालेज लागतं?"

मॅडम खूप हसल्या. मीही हसले, पण मला दिवसभर कुठेतरी टोचत होतं. घडी घातलेला तो कागद माझ्या पर्समध्ये होता. मुरबाडच्या बायकांसमोर सूचना मॅडमनी स्वतः वाचल्या. हळूहळू, एकेक ओळ दोनदा. एकीनं अंधारी म्हणजे कशी असं विचारलं, मॅडमनी डोळे किलकिले करून दाखवलं. कुणीही हसलं नाही. उद्या वाडीवर गेले की आधी हेच करायचं, असं मी ठरवलं आणि परतीच्या सगळ्या रस्त्यात पहिलं वाक्य मनात जुळवत बसले. आधी ते इंग्रजीत सुचायचं, मग मराठीत आणलं की परकं वाटायचं.

चौथा दिवस

सकाळी जीपनं सुमनताईंना आणि मला ओढ्याशी सोडलं. मॅडमना शहापूरला आरोग्य अधिकाऱ्यांना भेटायचं होतं. एक वाजेपर्यंत येते म्हणाल्या.

चढावरच आम्हाला सोमी भेटली. डोक्यावर दोन हंडे, एकावर एक. ती विहिरीकडून घराकडे न जाता उंबराकडे निघाली होती.

"कुठे गं?" सुमनताईंनी विचारलं.

"यायाम." ती थांबली नाही. "मोकळ्या हातांनी जायाला लाज वाटते. म्हनून भरलेलं घेऊन दोन फेऱ्या मारते, उंबरापातुर आनि परत. रोजचं पानी येगळं."

तीन दिवस ती हे करत होती. मी सांगितलेला अर्धा तास तिनं रोजच्या खेपांवर हंड्यांसकट चढवला होता. मी तिच्या मागोमाग चालत होते आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. काय ते ध्यानात यायला थोडा वेळ लागला. बांगड्या वाजत नव्हत्या. हंडा धरलेला हात वर होता, तरी एकही बांगडी खाली सरकली नव्हती. मनगटाच्या वर त्या रुतून बसल्या होत्या.

तिनं हंडे उतरवले आणि वळली. चेहरा भरलेला होता. मला वाटलं झोपेनं. मग पापण्या दिसल्या.

"सोमी, डोकं दुखतं?"

"परवाधरनं." तिनं इकडेतिकडे बघितलं. "सासूला नका सांगू. आनि उनात नीट दिसत नाय, काजवे चमकतात. पन यायाम चुकला नाय हां माझा."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं तर चिठ्ठी काढून घ्याल ना तुमी."

मी बीपीचं यंत्र काढलं. कॉलेजात माझं बीपी घेणं चेष्टेचा विषय होता. आवाज कुठे सुरू झाला, कुठे संपला, माझी कधी खात्री नसे. वरचा आकडा एकशे साठच्या वर आला. मी पुन्हा हवा भरली. पुन्हा तेच. मला वाटलं, मी माझ्याच कानातली धडधड ऐकतेय. मग एक सुचलं. सुमनताईंना बसवून त्यांचं घेतलं. एकशे वीस. म्हणजे यंत्र बरोबर होतं आणि माझे कानही. सोमीचं तिसऱ्यांदा घेतलं, तेव्हा ते आणखी चढलेलं होतं.

गरोदरपणात रक्तदाब असा चढतो तेव्हा पुढे झटके येऊ शकतात आणि आई, मूल दोघंही जाऊ शकतात. हे व्यायामामुळे होत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण तीन दिवस हे अंगावर काढत ती हंडे वाहत राहिली ती माझ्या चिठ्ठीमुळे, आणि तिला लक्षणं माहीत नव्हती ती माझ्या पुटपुटण्यामुळे.

"आताच्या आता शहापूरला न्यायला पाहिजे," मी सुमनताईंना हळूच सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि कामाला लागल्या. फाट्यावरची एसटी अकराला निघून गेली होती. पुढची तीनची. जीप एकला. ओढ्यापर्यंत चालत नेणं धोक्याचं, म्हणून घोंगडी आणि बांबूची डोली करायची ठरली. सोमीचा नवरा काळू आणि आणखी दोघं भाताची झोडणी अर्धी टाकून खळ्यावरून आले. सोमीला मी कुडाच्या आत डाव्या कुशीवर निजवलं आणि दार लोटून उजेड कमी केला. तिनं डोळे मिटले, पण माझं बोट सोडलं नाही.

डोली तयार झाली तेव्हा ठमीआजी दारात आडवी आली.

"लाल देवीनं दिली," ती म्हणाली. "मधीच सोडायची? पयल्या वक्ती इचारलं नाय म्हनून काय झालं, बघितलं ना आमी? आता इचारल्याबिगर मी पोरीला हलवू देनार नाय."

"आजी, बीपी वाढलंय तिचं," सुमनताई म्हणाल्या.

"तुमचं यंत्र कालचं. देवी आमच्या आज्याच्या आदीची. कौल लावते. उजवा पडला तर न्या."

काळूनं डोलीचा बांबू खाली ठेवला.

कौल मी कधी पाहिला नव्हता. आजीनं दगडाला पाणी लावलं आणि देवीच्या दोन्ही खांद्यांवर तांदळाचा एकेक दाणा चिकटवला. उजवा आधी पडला तर हो, डावा पडला तर नाही. सगळी वाडी उंबराखाली जमली. सुमनताईंनी माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "आता दाना पडेपर्यंत कोनी बोलायचं नाय. बोललं की कौल मोडतो. मग परत उद्याच लावता येतो." आणि त्याही गप्प झाल्या.

इतकी शांतता मी त्याआधी अनुभवली नव्हती. पोरं गप्प, कोंबड्याही दूर हाकललेल्या. दगड थंड होता, ओल सुकत नव्हती. दोन्ही दाणे जिथल्या तिथे. मी घड्याळ बघत होते. पाच मिनिटं झाली. दहा. खालून जीपचा आवाज आला, आणि थोड्या वेळानं मॅडम चढून वर आल्या. त्यांनी जमाव बघितला, चपला काढल्या आणि हात जोडून उभ्या राहिल्या. मी त्यांच्याकडे सरकले तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. या वाडीनं त्यांना आत घ्यायला दोन वर्षं लागली होती. त्यांना वाटलं असणार, काही घरगुती पूजा आहे. आकडा त्यांना माहीत नव्हता.

सोमी वाचली. शहापूरला आणि पुढे ठाण्याला मिळून दोन महिने काढून, मुठीएवढी मुलगी घेऊन ती परत आली. हे माहीत असूनही, ते दोन दाणे आठवले की आजही मी घड्याळाकडे बघते. कारण त्या वेळी मला एवढंच दिसत होतं, की कुडाच्या दारातून तिचा पाय दिसतोय, आणि पायाची बोटं आखडल्यासारखी वाटताहेत. सगळ्या वाडीत बोलायचं काम फक्त माझ्याकडे उरलं होतं. आणि गप्प राहायला इतकं चांगलं कारण मला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं.

डावा दाणा हलल्यासारखा वाटला.

मी दगडासमोर गेले. "आजी," मी म्हणाले, आणि माझा आवाज ओढ्यापलीकडे गेला असावा, कारण सगळ्या माना एकदम वळल्या. "हे देवीवर टाकू नका. ती चिठ्ठी तिची नव्हती. सापगावला सुमनताईंच्या ओट्यावर बसून मी कात्रीनं कापली, लाल ठिपका मी काढला. डोकं दुखलं तर थांबायचं, हे सोमीला सांगायचं काम माझं होतं, आणि मी ते नीट सांगितलं नाही. कौल मी मोडला, त्याचं काय व्हायचं ते माझं होऊ दे. काळूदादा, बांबू उचला."